ऊस-नोंदीचा फॉर्म, शूलेस आणि रिअ‍ॅक्ट

आमच्याकडे एका सहकारी साखर कारखान्याचं काम आहे आणि त्याची तीन पोर्टलं तीन वेगळ्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबपानं बांधायच्या तयार चौकटींत, लिहिलेली आहेत. कुणी ठरवून केलेलं नाही हे. शेती विभागाचं जुनं पोर्टल अँग्युलरमध्ये, कारण तेव्हा टीममध्ये तेच येणारी माणसं होती. वजनकाट्याचा डॅशबोर्ड व्ह्यूमध्ये, कारण तो एकाच माणसानं लिहिला आणि त्याला व्ह्यू आवडायचं. शेतकऱ्यानं मोबाइलवरून स्वतःच ऊस-नोंद करायची नवी बाजू रिअ‍ॅक्टमध्ये, आणि ती माझ्या गळ्यात.

शेती अधिकाऱ्यांना यातलं काही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की तिन्हीकडे बटणं सारखी दिसावीत, लागणीची तारीख सारख्याच पद्धतीनं भरता यावी, आणि गावाच्या यादीत शोधणं एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं असं नसावं. रास्त आहे. पण प्रत्येक फ्रेमवर्कची आपली आपली घटक-लायब्ररी (तयार बटणं, याद्या, रकाने यांचा संच) घेतली असती तर तीन वेगळे चेहरे झाले असते आणि ते सारखे करण्यात जन्म गेला असता. म्हणून आम्ही वेब कंपोनंटची लायब्ररी घेतली: शूलेस. अँग्युलरवाला, व्ह्यूवाला आणि मी, तिघांनी एकच पॅकेज वापरायचं.

ज्यांचा वेब कंपोनंटशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला स्वतःचा एचटीएमएल टॅग बनवायची सोय ब्राउझरमध्येच आहे. कल्पना जुनी आहे. तेव्हा गूगलमध्ये असलेल्या अ‍ॅलेक्स रसेल यांनी २०११ साली फ्रंटीअर्स या वेबवाल्यांच्या परिषदेत ती मांडली. आज जे प्रमाण (स्टँडर्ड) आहे ते क्रोममध्ये २०१६ साली आलं, फायरफॉक्समध्ये २०१८ साली, आणि एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर, गेलं तेव्हा तिथंही. टॅगच्या नावात जोडरेघ हवीच असा नियम आहे, म्हणजे उद्या एचटीएमएलमध्ये नवा टॅग आला तरी नावं आपटायची नाहीत. शूलेसचे सगळे टॅग त्यामुळे ‘एसएल-’ नं सुरू होतात: एसएल-बटन, एसएल-सिलेक्ट, एसएल-डायलॉग. आतलं काम लिट नावाच्या छोट्या लायब्ररीवर चालतं, पण ते वापरणाऱ्याला दिसत नाही.

‘कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये चालतं’ असं अशा प्रत्येक लायब्ररीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. ते खरं आहे, फक्त कुठल्या अर्थानं खरं आहे ते समजून घ्यावं लागतं. एसएल-सिलेक्ट हा रिअ‍ॅक्टचा घटक नाही. रिअ‍ॅक्टच्या लेखी तो डिव्ह किंवा इनपुटसारखा एक टॅग आहे, त्याच्या आत काय चाललंय याची रिअ‍ॅक्टला खबर नसते. त्याच्याशी बोलायचे रस्ते तीनच: अ‍ॅट्रिब्यूट, प्रॉपर्टी आणि इव्हेंट (काही घडलं की टॅग देतो ती खबर). मला ज्या ज्या अडचणी आल्या त्या जवळजवळ सगळ्या याच तीन रस्त्यांवर.

आधी अ‍ॅट्रिब्यूट आणि प्रॉपर्टी. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेला मजकूर, तो कायम स्ट्रिंगच असतो. प्रॉपर्टी म्हणजे जावास्क्रिप्टच्या बाजूनं त्या ऑब्जेक्टवर ठेवलेली किंमत, ती अ‍ॅरे असू शकते, ऑब्जेक्ट असू शकते. रिअ‍ॅक्ट १८ पर्यंत असं होतं की अनोळखी टॅगला जे काही प्रॉप (म्हणजे बाहेरून दिलेली किंमत) द्याल ते सरसकट अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लागायचं. आम्ही सुरुवात १८ वर केली. फॉर्ममध्ये ‘ठिबक आहे का?’ असा चेकबॉक्स आहे. त्याला चेक्ड म्हणून ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, दिलं की पानावर चेक्ड या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘फॉल्स’ हा शब्द छापला जायचा. आणि एचटीएमएलचा नियम असा की असलं अ‍ॅट्रिब्यूट नुसतं हजर असलं तरी उत्तर ‘हो’. म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक रानात ठिबक! पाटबंधारे खात्याला आनंद झाला असता.

एकाहून जास्त पर्याय निवडायच्या यादीत आणखी मजा. निवडलेल्या किमती मी अ‍ॅरेत देत होते. रिअ‍ॅक्ट त्याची स्ट्रिंग करायचा, म्हणजे मध्ये स्वल्पविराम. शूलेस मात्र अ‍ॅट्रिब्यूटमध्ये स्पेसनं वेगळ्या केलेल्या किमती मागतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि यादी रिकामी. शूलेसनं रिअ‍ॅक्टसाठी तयार वेष्टणं दिलेली आहेत, ती वापरली की हे मिटतं. ती आतून रेफ (खऱ्या एलिमेंटचा धागा) धरून प्रॉपर्टी लावतात आणि इव्हेंट ऐकतात. १८ वर असाल तर दुसरा विचार करू नका, तीच घ्या.

डिसेंबर २०२४ मध्ये रिअ‍ॅक्ट १९ आला आणि हे दुखणं मुळापासून गेलं. आता रिअ‍ॅक्ट आधी विचारतो की या नावाची प्रॉपर्टी त्या एलिमेंटवर आहे का. असेल तर प्रॉपर्टी, नसेल तर अ‍ॅट्रिब्यूट. इव्हेंटसाठी ‘ऑन’ला लागून इव्हेंटचं मूळ नाव लिहायचं, ऑनएसएल-चेंज असं, जोडरेघेसकट. जेएसएक्समध्ये (रिअ‍ॅक्टमध्ये टॅग लिहायची पद्धत) ते विचित्र दिसतं पण चालतं. व्ह्यू हेच ‘प्रॉपर्टी आहे का’ असं विचारायचं काम आधीपासून करत होता, त्यामुळे आमच्या व्ह्यूवाल्यानं या बातमीवर फक्त भुवया उंचावल्या.

यात एक खाच आहे. ‘प्रॉपर्टी आहे का’ हा प्रश्न रिअ‍ॅक्ट विचारतो त्या क्षणी तो टॅग ब्राउझरकडे नोंदलेला असायला हवा. शूलेसचा ऑटोलोडर पानात टॅग दिसला की मग त्याची फाइल आणतो. म्हणजे रिअ‍ॅक्टनं विचारलं तेव्हा एलिमेंट अजून कोरंच, प्रॉपर्टी सापडत नाही, आणि तुमचा अ‍ॅरे परत स्ट्रिंग होऊन अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जातो. जलद नेटवर दुसऱ्या वेळी फाइल कॅशमधून येते आणि सगळं ठीक दिसतं, त्यामुळे हा बग ऑफिसात दिसतच नाही. ऑटोलोडर साध्या एचटीएमएल पानासाठी झकास आहे. फ्रेमवर्कमध्ये मात्र जे टॅग लागतात त्यांच्या फाइली एकेक करून, रेंडरच्या (पान काढायच्या) आधी, इम्पोर्ट करा. बंडलही, म्हणजे ब्राउझरकडे जाणारा कोडचा गठ्ठाही, लहान राहतो.

आता इव्हेंट. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण चाचणीला आलेल्या प्रत्येकाला या प्रकारानं वेड लावलं होतं.

ऊस-नोंद एका डायलॉगमध्ये उघडते. आत गट क्रमांक, क्षेत्र, लागणीची तारीख, हंगाम (आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा) आणि उसाची जात. कुणी हंगाम निवडला की अख्खा डायलॉग बंद. जात निवडली तरी बंद. गट क्रमांक टाइप केला तर काही होत नाही. आमच्या चाचणीवाल्या पोरानं येऊन सांगितलं, “ताई, फॉर्मला आडसाली चालत नाही, खोडवा पण चालत नाही. बहुतेक ऊसच चालत नाही.”

घडत होतं ते असं. डायलॉग बंद झाला की एसएल-हाइड नावाचा इव्हेंट निघतो. तो ऐकून मी स्टेटमध्ये (रिअ‍ॅक्ट पानाची चालू स्थिती ठेवतो तिथं) ‘उघडा’ची किंमत फॉल्स करत होते. पण सिलेक्टची खाली उघडलेली यादी मिटते तेव्हा सिलेक्टही एसएल-हाइडच काढतो. नाव तेच. आणि शूलेसचे इव्हेंट बबल होतात, म्हणजे आतल्या टॅगवरून वर वर चढत जातात. सिलेक्टचा एसएल-हाइड चढत डायलॉगपर्यंत आला, माझ्या फंक्शनला वाटलं डायलॉगच मिटला, त्यानं स्टेट बदललं, आणि रिअ‍ॅक्टनं आज्ञाधारकपणे डायलॉग मिटवला. टूलटिपही (माऊस नेल्यावर दिसणारी छोटी सूचना) हाच इव्हेंट काढते. संगणकावर माहितीच्या चिन्हावरून माऊस बाजूला नेला तरी फॉर्म गायब.

उपाय एका ओळीचा. फंक्शनच्या सुरुवातीला इव्हेंटचा टार्गेट (ज्यानं तो काढला) आणि करंट-टार्गेट (ज्याच्यावर आपण तो ऐकतोय) एकच आहे का ते पाहायचं, नसेल तर परत फिरायचं. शूलेसच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. रिअ‍ॅक्टमध्ये वाढलेल्या माणसाला मात्र हे सुचत नाही, कारण तिथं ऑन-क्लोज हे त्या घटकाला दिलेलं फंक्शन असतं, ते दुसऱ्या कुणाच्या बंद होण्यानं चालू होत नाही. डॉमचे (ब्राउझरमधल्या टॅगांच्या झाडाचे) इव्हेंट म्हणजे वाड्यातला आवाज, कुणीही हाक मारली तरी वरच्या मजल्यापर्यंत जाते. कुणाला मारली ते ऐकणाऱ्यानंच पाहायचं.

याच्या उलट टोकाची गोष्टही आहे. काही इव्हेंट शॅडो डॉमच्या, म्हणजे टॅगच्या आतल्या बंदिस्त भागाच्या, बाहेरच येत नाहीत. ब्राउझरचा मूळ ‘इनपुट’ इव्हेंट बाहेर येतो, मूळ ‘चेंज’ येत नाही. म्हणून शूलेस आपला वेगळा एसएल-चेंज काढतो. आमच्या अँग्युलरवाल्याला याचा फायदाच झाला: एसएल-इनपुटवर एनजी-डीफॉल्ट-कंट्रोल लावलं की एनजी-मॉडेल (अँग्युलरची रकाना आणि किंमत जोडायची सोय) मूळ ‘इनपुट’ इव्हेंट ऐकतो आणि काम भागतं. चेकबॉक्स आणि सिलेक्टसाठी त्याला व्हॅल्यू अ‍ॅक्सेसर, म्हणजे किंमत नेण्या-आणण्याचे दुवे, लिहावे लागले. बाकी अँग्युलरमध्ये चौकोनी कंस म्हणजे प्रॉपर्टी आणि साधा कंस म्हणजे इव्हेंट हे मुळातच वेगळं असल्यामुळे त्याला माझ्यासारखा त्रास झाला नाही, हे त्यानं मला बऱ्याचदा ऐकवलं. त्याला एवढंच सांगते की कस्टम एलिमेंट स्कीमा चालू केला की जोडरेघेच्या टॅगवरच्या नावांची तपासणी अँग्युलर सोडून देतो, प्रॉपर्टीचं स्पेलिंग चुकलं तरी कम्पायलर गप्प. व्ह्यूमध्ये ‘एसएल-’ नं सुरू होणारे टॅग तुझे नाहीत एवढं कम्पायलरच्या सेटिंगमध्ये सांगायचं, आणि व्ही-मॉडेल या व्ह्यूच्या जोडणीऐवजी किंमत आणि इव्हेंट वेगळे लिहायचे. संपलं.

रिअ‍ॅक्टमध्ये अजून एक फरक हळूच चावतो. साध्या इनपुटला व्हॅल्यू दिली की रिअ‍ॅक्ट ती धरून ठेवतो, स्टेट बदललं नाही तर टाइप केलेलं अक्षर मागे घेतो. ही सोय त्याच्या ओळखीच्या टॅगांनाच, आपल्या एसएल-इनपुटला नाही. क्षेत्राच्या रकान्यात अक्षरं येऊ नयेत म्हणून मी ती फंक्शनमध्ये गाळत होते. स्टेट स्वच्छ, डोळ्यासमोर मात्र ‘०.४०आर’ तसंच. शेतकरी हेक्टर-आर मध्ये भरतो, गुंठ्यात बोलतो, आणि ‘आर’ लिहायचा मोह कुणाला होत नाही? उपाय: गाळलेली किंमत त्याच फंक्शनमध्ये इव्हेंटच्या टार्गेटवर परत लिहायची. रिअ‍ॅक्टचे संस्कार झालेल्या हाताला हे पाप वाटतं. हात सरावतो. आकडे देवनागरीत टाइप झाले तर तेही तिथंच बदलून घेते. रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवलाच नाही, साधा मजकूर ठेवला आणि इनपुटमोड दशांशाचा, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो.

उसाच्या जातीच्या यादीनं वेगळीच गंमत दाखवली. को ८६०३२ ही आपल्याकडची सगळ्यात ओळखीची जात, शिवाय कोएम ०२६५ वगैरे. यादीत दिसायला नाव आणि किंमत म्हणूनही तेच नाव, असं सर्व्हरकडून येत होतं. पण शूलेसच्या पर्यायाच्या किमतीत स्पेस चालत नाही, कारण मघाशी म्हटलं तसं अनेक किमती वेगळ्या करायला तो स्पेसच वापरतो. स्पेस सापडली तर तो तिच्या जागी अंडरस्कोअर घालतो आणि कन्सोलमध्ये तसं सांगतो. फोनवर चाचणी करणारा कन्सोल कुठून पाहणार? सर्व्हरकडे ‘को_८६०३२’ पोचलं आणि सर्व्हर म्हणाला, अशी जात नाही. तालुक्यांतही तेच, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर आहेतच. तेव्हापासून यादीत किंमत म्हणून कायम आकडी कोड, नाव फक्त दाखवायला. खरं तर हे कुठल्याही यादीत असंच असायला हवं, इथं लायब्ररीनं करायला लावलं.

दिसण्याबद्दल. टीममध्ये टेलविंडची (टॅगला क्लास लावून रूप द्यायचं साधन) सवय असेल तर पहिल्या दिवशी हिरमोड होतो. क्लास बाहेरच्या टॅगला लागतो, आतल्या बटणाला नाही, कारण शॅडो डॉमची भिंत मध्ये आहे. भिंतीतून आरपार जातात ते सीएसएसचे व्हेरिएबल, आणि लायब्ररीनं ‘पार्ट’ म्हणून नावं देऊन उघडे ठेवलेले तुकडे. आम्ही मुख्य रंग आणि फाँट व्हेरिएबलनं बदलले. फाँट मुक्ता, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँटवाल्यांनी केलेला. एका ओळीत तिन्ही पोर्टलांवरची सगळी बटणं, लेबलं, याद्या मुक्तात आल्या, आणि या प्रकल्पात मी खऱ्या अर्थानं खूश झाले ती तेव्हा. ज्या भिंतीवर मी करवादत होते तिच्यामुळेच अँग्युलरच्या पोर्टलातलं जुनं, कुणी कधी लिहिलं हे देवालाच ठाऊक असलेलं सीएसएस माझ्या फॉर्मला शिवलं नाही. माझा फॉर्म त्या पोर्टलातही बसवलेला आहे. फक्त तिथं दोघांची शूलेसची आवृत्ती एकच ठेवावी लागते: टॅगची नोंद अख्ख्या पानाला मिळून एक, जो आधी नोंदवेल त्याची आवृत्ती चालते.

चिन्हांची चित्रं शूलेस चालू पानात एकेक करून आणतो, आणि ती कुठून आणायची तो पत्ता आधी द्यावा लागतो, नाहीतर चिन्हांच्या जागी मोकळी जागा. गावाकडच्या नेटवर दहा चिन्हांसाठी दहा खेपा मला पटल्या नाहीत. शूलेसमध्ये स्वतःची चिन्हांची लायब्ररी नोंदवता येते, आमची मोजकी चिन्हं तशी बंडलातच घातली.

मराठीचं भाषांतर सोबत आलं नव्हतं, पण ते नोंदवायची सोय सोपी आहे. पानाला भाषा ‘एमआर’ द्यायची आणि ‘बंद करा’, ‘पासवर्ड दाखवा’, ‘इतके पर्याय निवडले’ असल्या वाक्यांची एक फाइल लिहायची. यातली बरीच वाक्यं डोळ्यांना दिसत नाहीत, स्क्रीन रीडर वाचतो. म्हणूनच ती विसरली जातात. आकडे दाखवायचा टॅग ब्राउझरच्या इंटलवर (भाषेप्रमाणे आकडे-तारखा मांडायची सोय) चालतो, त्यामुळे भाषा मराठी केली की १,२५,००० असं, देवनागरीत आणि लाखाच्या स्वल्पविरामासकट, आपोआप येतं.

फॉर्मसाठी मी रिअ‍ॅक्ट हुक फॉर्म ही लायब्ररी वापरते. रकाना थेट जोडायची तिची नेहमीची रजिस्टर ही पद्धत इथं टाळली आणि किंमत व इव्हेंट आपण हातानं द्यायच्या कंट्रोलरमधून प्रत्येक रकाना जोडला. चाचणीच्या साधनांपैकी प्लेराइट शॅडो डॉमच्या आत आपणहून पाहतो, टेस्टिंग लायब्ररी पाहत नाही. त्यामुळे फॉर्मच्या चाचण्या खऱ्या ब्राउझरमध्येच चालवतो. सर्व्हरवर रेंडर करणाऱ्यांनी आणखी जपून असावं. नेक्स्टमध्ये (सर्व्हरवर रेंडर करणारं रिअ‍ॅक्टचं फ्रेमवर्क) ‘यूज क्लायंट’ लिहिलं तरी तो घटक सर्व्हरवर एकदा चालतोच, आणि तिथं ब्राउझर नसतो. आमचं व्हीट (Vite) या बिल्डच्या साधनावर, सर्व्हर-रेंडरशिवाय चालतं, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

कुणी मला विचारलं की नुसतं रिअ‍ॅक्ट आहे, शूलेससारखं काही घेऊ का, तर मी नको म्हणेन. रिअ‍ॅक्टची म्हणून लिहिलेली लायब्ररी घ्या, सुखी राहा. आणि नुसता एक डायलॉग हवा असेल तर ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग टॅग मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे, तो पुरतो. पण फ्रेमवर्क एकाहून जास्त असतील, किंवा आजचं फ्रेमवर्क पाच वर्षांनी असेल याची खात्री नसेल, तर वेब कंपोनंट घ्या, आणि घेतल्यावर टॅग पानोपानी पसरू देऊ नका. आमच्या रिअ‍ॅक्टच्या बाजूला एक फोल्डर आहे, त्यात बटण, इनपुट, सिलेक्ट, चेकबॉक्स, डायलॉग अशी लागतील तेवढीच आमची वेष्टणं. टार्गेटची तपासणी, किंमत परत लिहिणं, किमतीत स्पेस आली तर विकासाच्या वेळीच ओरडणं, सगळं तिथं. त्या फोल्डरच्या बाहेर कुणी शूलेस इम्पोर्ट केलं तर ईएसलिंट हा कोड तपासणारा अडवतो.

त्याचा उपयोग आता होतोय. शूलेसचं पुढचं काम वेब ऑसम या नावानं चालू आहे आणि शूलेसमध्ये नवं काही येणार नाही. वेब ऑसममध्ये टॅग ‘डब्ल्यूए-’ नं सुरू होतात, आणि बदलाचा इव्हेंट नुसता ‘चेंज’ या मूळ नावानं येतो. डायलॉग मिटल्याचा मात्र डब्ल्यूए-हाइड, म्हणजे टार्गेटची तपासणी राहणारच. माझ्या बाजूनं बदल त्या फोल्डरपुरता आहे. अँग्युलरमध्ये टॅग थेट टेम्प्लेटांत लिहिलेले असल्यामुळे तिकडे काम बरंच आहे, त्यामुळे सुरुवात तिकडून. गळीत चालू असताना कुठल्याच पोर्टलाला हात लावायचा नाही असं शेती विभागानं बजावलंय, म्हणजे कारखान्याचा पट्टा पडल्यावरच.